आत्याबाईंची बादली

सोमवार, ३ मार्च

— आणि वर तो नवा मांसवाला मलाच म्हणतो, "बाई, रक्तच आहे, विष नाही!" विष नाही म्हणे! माझ्या पपईवर कोंबडीचं पाणी ठिबकवलं आणि वर ऐट बघा. ती पपई पोपटांची होती. पोपट काय आता कोंबडी खाणार? सगळी पपई फेकली, फळी घासली, चाकू उकळत्या पाण्यात टाकला. तोवर तिकडे माकडांनी ओरडून सगळी बाग डोक्यावर घेतली.

नवा आहे म्हणून सोडून द्यायचं? मी नवी होते तेव्हा मला कुणी सोडलं नव्हतं. आमच्या प्राण्यांच्या बागेच्या खाणंघरात मधोमध पिवळी रेघ मारलेली आहे, आंधळ्यालाही दिसेल एवढी जाड. अलीकडे पाल्याचं टेबल, ते माझं. पलीकडे मांसाचं, ते आता या बाबाचं. इकडचा चाकू तिकडे जायचा नाही, तिकडचा माणूस इकडे यायचा नाही. हरणाचं हरणाला, बिबट्याचं बिबट्याला. रेघ ओलांडते फक्त एक बादली — अस्वलाची. ती बया दोन्ही खाते! आधी पलीकडे तिच्यात मासे, अंडी पडतात. मग बादली रेघेवर ठेवायची, मी उचलायची, वर गाजर, रताळी, केळी घालायची. जुना मांसवाला बादली पायानं सरकवायचा आणि पाठ फिरवायचा. इतकी वर्षं समोरासमोर काम केलं, पण तो निवृत्त झाला त्या दिवशी मला कळलं की त्याला मिशा आहेत.

हा नवा बादली हातानं आणतो. आणतो तर आण, पण मग तिथेच उभा राहून बघतो! उंच, मान लांब, वरून खाली बघणार. उंट नुसता! मी काही मनात ठेवत नाही. मुकादमासमोर सांगून टाकलं, "लांब उभे राहा. वास येतो."

तोंड एवढंसं झालं. होऊ दे.

लेकीनं ही वही दिली आहे. "आई, तुझा राग फोनवरून माझ्या कानात ओतू नकोस. इथे ओत." घे, ओतला. चौथी शिकलेल्या बाईला वही देते!

बुधवार, ५ मार्च

उंट आता रेघेपासून चार हात लांब उभा राहतो. बादली ठेवतो, मागे सरकतो, मग उभा. आणि साबणाचा वास येतो! एवढा साबण लावतो की माझ्या कोथिंबिरीला फेस यायचा.

शुक्रवार, ७ मार्च

हसू की रडू! आज दुपारी सगळे बाहेर बाकावर डबे घेऊन बसलो. मी आपली कोंबडीची तंगडी काढली. दिवसभर पाला चिरून चिरून माझ्या डोळ्यांसमोर हिरवं नाचतं, दुपारी मला तंगडीच लागते. उंटानं डबा उघडला — काकडी, उकडलेले बटाटे, हिरवे वाटाणे! मुकादम म्हणाला, "काय रे, उपास का?" तर खाली मान घालून म्हणतो, "मी मांस खात नाही. कधीच नाही."

अख्खा बाक हलला हसून. दिवसभर हातात सुरा आणि डब्यात वाटाणे! मी म्हटलं, "नाव बरोबर ठेवलं होतं मी. उंटच! नुसता पाला!"

"मला उंट म्हणता?"

"मनात म्हणत होते. आता तोंडावर म्हटलं."

वाटलं, रागावेल. तर हसला. खालचे दात वाकडे आहेत, चांगले दिसतात. मग माझ्या तंगडीकडे बघून म्हणाला, "बाई, माणसं पोटावरून ओळखू नयेत हे आज कळलं. मला वाटलं, तुम्ही गाजर खाऊन एवढ्या चिडता."

त्यावर मुकादम एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी तंगडी कडाकडा मोडून खाल्ली, हाडासकट!

मंगळवार, ११ मार्च

आज बादली उशिरा आली. मला काय त्याचं!

बुधवार, १२ मार्च

आत्याबाईंबद्दल लिहायचं राहिलं. आत्याबाई म्हणजे ती अस्वल. नाव मीच ठेवलंय. लग्नघरातल्या आत्यासारखं तोंड फुगवून बसते आणि पान वाढलं की सगळ्यांच्या आधी मांडी घालते! मासा घाल, खाते. भोपळा घाल, खाते. मुंग्या चाटते, मध चाटते, कोवळा पाला ओरबाडते, एकदा मुकादमाची टोपी खाल्ली होती.

उंटानं विचारलं, "दोन्ही खाणारे आणखी कोण कोण हो?" मी बोटं मोजायला लागले. कावळा, उंदीर, डुक्कर, कोंबडी, तळ्यातलं कासव. हाताची बोटं संपली.

तो म्हणाला, "आणि मुकादम."

मी म्हटलं, "आणि मी."

तो चार हात लांबूनच म्हणाला, "म्हणजे या खाणंघरात तुमच्या बाजूला मोठं गोत आहे. मी एकटा." बोलताना अंडं सोलत होता. अंडं सोलायला किती वेळ लावावा माणसानं! तान्ह्या बाळाचं अंगडं काढावं तसं हलक्या हातानं. सोललं आणि बादलीत सोडलं. मग दुसरं घेतलं.

मी गाजरं बारीक चिरत होते. अस्वलाला गाजर बारीक लागत नाही, अख्खं घातलं तरी मोडून खाते. का चिरत होते कोण जाणे.

शनिवार, १५ मार्च

आजही दोन रताळी जास्त घातली, आठवडाभर रोज घालतेय. उगीच. त्यांनीही अंडी जास्त आणली होती वाटतं. बादलीचं झाकण लागेना!

(आता 'त्यांनी' लिहिलं मी. खोडत नाही, पान घाण होतं.)

रविवार, १६ मार्च

लेकीचा फोन. तिकडून नेहमीची कॅसेट — "आई, एकटी काय राहतेस, इकडे ये, नातवाला सांभाळ." तिचा बाप जाऊन एवढी वर्षं झाली, तेव्हापासून तिचं हेच. मी नेहमीचं सांगितलं, "माझं टेबल सोडून मी कुठेही जाणार नाही. मला इथून हलवायचं असेल तर टेबलासकट उचला." मग तिला उंटाचा वाटाण्यांचा किस्सा सांगितला. मग अंड्यांचा सांगितला. मग टोपीचा.

तर ती हळूच विचारते, "आई, तू हसतेयस का?"

"नाही."

"हसतेयस. मला ऐकू येतंय. कोण आहे तो?"

"कोण कोण? उंट आहे!"

"आई, तुझ्या बागेत उंट नाहीये."

फोन ठेवून दिला. फाजील कार्टी! आणि मी आरशात बघून आले. केस रंगवायला झालेत. रंगवणार नाही. अस्वलाचे काळे असतात, मला काय करायचेत.

रंगवले.

मंगळवार, १८ मार्च

मुकादमाच्या लगेच लक्षात आलं. "ताई, आज ऊन वेगळं पडलंय का डोक्यावर?" मी चाकू दाखवला. गेला.

त्यांनी एकदाच वर बघितलं. तर अंडं हातातून निसटलं आणि फरशीवर फुटलं. आजपर्यंत त्यांच्या हातून एक अंडं फुटलं नव्हतं! मी दिवसभर पालक धुताना गुणगुणत होते. दोनदा धुतला एकच पालक.

बुधवार, १९ मार्च

देवा, आज काय झालं!

बागेच्या डॉक्टरीणबाई आल्या. पोरगी लहान आहे पण कामाला पक्की. म्हणाल्या, आत्याबाईंना श्वास लागतो, ओंडक्यावर चढत नाहीत, वजन करा. आता अस्वलाचं वजन म्हणजे लग्नच. दारात मोठा लोखंडी काटा ठेवायचा, पलीकडे मध लावायचा, तिनं काट्यावर पाऊल ठेवलं की आकडा बघायचा. आत्याबाई आल्या, काट्यावर चढल्या आणि बसल्या! मांडी घालून! मध चाटून संपला तरी उठेनात. काटा कण्हायला लागला. मुकादम म्हणाला, "बाई, काटा सरकारी आहे, जरा जपून!"

आकडा बघून डॉक्टरीणबाईंचा चष्माच खाली आला. म्हणाल्या, "हे वाढलं कसं? बाहेरचे लोक काही टाकतात का?" पहारेकरी शपथेवर म्हणाला, चिमूटभर नाही. मग त्या खाणंघरात आल्या. रेघेवर उभ्या राहिल्या, एक पाय इकडे, एक तिकडे. आणि विचारलं, "बादलीत जास्त कोण टाकतंय?"

मी म्हटलं, "मी."

त्याच क्षणाला पलीकडून आवाज आला, "मी."

एकदम! जशी शाळेत हजेरी! डॉक्टरीणबाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "दोघंही? का?"

आता काय सांगायचं? की गाजर जास्त असलं तर चिरायला वेळ लागतो? आणि अंडी जास्त असली तर सोलायला? माझ्या कानातून वाफा निघाल्या. त्यांची मान खांद्यात गेली, उंटाचं कासव झालं. मुकादम सगळं समजला. माठामागे तोंड लपवून असा हसत होता की माठ हलत होता.

डॉक्टरीणबाईपण समजल्या बहुतेक. ओठ दाबून म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या गप्पांपायी माझी अस्वल मरेल हो!"

आम्ही अस्वल फुगवली! लोक फुलं देतात, आम्ही एकमेकांना दाखवायला अस्वलाला खाऊ घातलं! मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसले. एवढी बाई झाले मी. नातू आहे मला!

गुरुवार, २० मार्च

हुकूम आला. आत्याबाईंना सकाळी फक्त पाला, संध्याकाळी फक्त मासे-अंडी, दोन्ही मोजून. दोन बादल्या. हिरवी माझी, लाल त्यांची. मी संध्याकाळच्या आत घरी जाते.

म्हणजे बादली आता रेघ ओलांडणार नाही.

बरोबर आहे डॉक्टरीणबाईंचं. जनावराच्या जिवापेक्षा काय मोठं आहे? काही नाही. लाल बादली बघून मात्र डोकं फिरलं.

सोमवार, २४ मार्च

मुकादमानं सांगितलं. लांबच्या नव्या बागेत बिबट्यांना हलवणार आहेत, शनिवारी गाडी निघणार. बिबट्यांबरोबर त्यांचा मांसवाला जाणार, कायमचा. आणि नाव कुणी दिलं? उंटानं. आपणहून!

मी म्हटलं, "कधी दिलं?"

"आल्या आल्याच दिलं होतं ताई. पहिल्याच आठवड्यात. मंजुरी आज आली."

"का दिलं?"

मुकादम माठाकडे बघत म्हणाला, "तुम्ही बोललात ना — लांब उभे राहा, वास येतो. तो म्हणाला, त्या बाईंना माझा वास सहन होत नाही, रोज कशाला त्रास. मी म्हटलं होतं, अरे, त्या सगळ्यांनाच तसं बोलतात. मलाही म्हणाल्यात, तू उकिरडा आहेस."

उकिरडा म्हटलं होतं, खरं आहे. पण तो उकिरडा आहेच!

म्हणजे तो साबण. ते चार हात. मी समजत होते ऐट आहे. अंघोळ करून करून माणसाची कातडी गेली असेल!

मी विचारलं, "आता नाव मागे घेता येतं?"

"शुक्रवारी दुपारपर्यंत. मी त्याला विचारलं, घेतोस का मागे? तर म्हणाला, बघतो."

बघतो! काय बघतो? कुठे बघतो? दुर्बीण देऊ का?

मंगळवार, २५ मार्च

आज ठरवून गेले की गोड बोलायचं. डबे खाताना शेजारी जाऊन बसले. एवढी गोड झाले की मलाच माझी शिसारी आली.

"तिकडे थंडी असते म्हणे."

"हो."

"स्वेटर आहे?"

"आहे."

संपलं. एवढंच झालं! त्यांनी वाटाणे खाल्ले, मी तंगडी खाल्ली, उरलेला वेळ आम्ही दोघं एका चिमणीकडे बघत बसलो. चिमणीनं आधी किडा खाल्ला, मग माझ्या डब्यातलं भाताचं शीत उचललं. तिला बरं कळतं काय हवंय ते.

बुधवार, २६ मार्च

आत्याबाईंनी कमाल केली!

पहारेकऱ्यानं आज सांगितलं. गुरुवारपासून सकाळची हिरवी बादली तिच्यापुढे ओततात, ती शिवतही नाही. गाजरं, भोपळा सगळं पंजानं ओढून दाराशी नेते, ढीग करते, आणि ढिगापुढे बसून राहते. दिवसभर! कुणी कावळा आला तर हाकलते. संध्याकाळी लाल बादली आली की मासा गाजराशेजारी ठेवते, मग दोन्ही एकदम खाते. एक घास याचा, एक घास त्याचा. भूक लागली तरी एकटं काही खात नाही.

डॉक्टरीणबाई बघायला आल्या आणि खो खो हसल्या. म्हणाल्या, "बरं बाई, जिंकलीस. उद्यापासून पुन्हा एकच बादली. पण मापात! आणि तुम्ही दोघं," — आमच्याकडे बोट करून — "तुमचं काय ते बादलीबाहेर करा."

मुकादम पुन्हा माठामागे.

बादली आली परत. पण शनिवारी गाडी आहे. परवाची सकाळ गेली की रेघेवर दुसराच कुणी उभा असणार, मिशांचा की बिनमिशांचा, मी बघणारही नाही.

मी बसून विचार केला. त्या अडाणी जनावराला कळलं की अर्धी बादली आपल्याला पुरत नाही. ती तोंड फुगवून बसली, हाकलाहाकली केली, पण मिळवलं. आणि मी? मी स्वेटर विचारला!

घरात दोन गाजरं होती, एक अंडं होतं. एकाच भांड्यात उकडून खाल्लं. ते असते तर गाजरं त्यांची, अंडं माझं. भांडं एकच. दोघांचं मिळून एक अस्वल झालं असतं.

काय लिहितेय मी! झोपते.

गुरुवार, २७ मार्च

ओलांडली! पिवळी रेघ ओलांडली मी, गाजराचा चाकू हातात तसाच! मुकादम ओरडला, "ताई, चाकू! चाकू तिकडे नेऊ नका!" मी गेले थेट मांसाच्या टेबलापाशी. ते मागे सरकले, चार हात. मी चार हात पुढे गेले. मागे भिंत होती, बरं झालं.

म्हटलं, "वास येतो म्हणाले होते मी. येतोच. साबणाचा येतो, तो बंद करा. आता ऐका. तुम्ही इथे राहता, की मी तुमच्याबरोबर येऊ? हरणं तिकडेही असतील, गाजरं त्यांनाही चिरून लागतील. टेबल माझं मी नेत नाही, कुणीही घ्या ते. पण तिकडेही एक भांडं आणि एक बादली लागेल, सांगून ठेवते. तिसरं उत्तर चालणार नाही. आणि 'बघतो' म्हणालात तर शनिवारच्या गाडीत बिबट्याच्या पिंजऱ्यात तुम्हाला मी स्वतः भरीन! उद्या, शुक्रवारी, दुपारचा डबा उघडायच्या आधी सांगायचं."

उत्तर उद्या, पण खालचे वाकडे दात आजच दिसले!